मॅग्नेटिक डोअर होल्डर फायर अलार्मचा भाग धरायचा का? ठरवण्याची, जोडण्याची आणि तपासण्याची पद्धत

फायर डोअर, म्हणजे आगीत मिटून धूर अडवणारं दार, एरवी उघडं धरून ठेवणारं चुंबक हा दाराचा भाग आहे. त्या चुंबकाची वीज तोडणारा कॉन्टॅक्ट, म्हणजे अलार्मच्या आज्ञेने उघडणारा स्विच, हा फायर अलार्मचा भाग आहे. या दोन्हींना मिळून ‘होल्डर’ म्हटलं जातं आणि तिथून घोळ सुरू होतो. बीओक्यूमध्ये, म्हणजे कंत्राटातल्या कामांच्या यादीत, ‘मॅग्नेटिक डोअर होल्डर, नग २४, फायर अलार्मशी जोडून’ अशी एकच ओळ पडते. दारं बसवणारा म्हणतो वायरिंग माझ्याकडे नाही, अलार्मवाला म्हणतो होल्डर माझ्याकडे नाही, आणि शेवटी इलेक्ट्रिशियन जवळच्या सॉकेटमध्ये ॲडॅप्टर खोचून देतो. दार छान उघडं राहतं, म्हणून काम झालं असं वाटतं. धूर झाला तरी ते उघडंच राहणार आहे, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

मानकं रेघ कुठे ओढतात

अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या फायर अलार्मच्या मानकात २१वं प्रकरण फक्त यासाठी आहे: अलार्म आल्यावर बाहेरच्या यंत्रणांना आज्ञा देणं. लिफ्ट खाली आणणं, पंखे बंद करणं, दारं सोडणं हे सगळं तिथे येतं. त्या प्रकरणात अलार्म यंत्रणेचा घटक धरला आहे तो इंटरफेस, म्हणजे रिले (विजेने चालणारा स्विच) किंवा मॉड्यूल. त्याच्या पलीकडे असलेली वस्तू ‘नियंत्रित’ वस्तू. होल्डरची स्वतःची चाचणी यूएल २२८ खाली होते आणि ते मानक दाराच्या क्लोजर-होल्डरचं आहे (क्लोजर म्हणजे दार आपोआप मिटवणारं यंत्र).

युरोपातही मांडणी तशीच. ईएन ५४ ही अलार्मच्या घटकांची मालिका: पॅनल भाग २ मध्ये, वीजपुरवठा भाग ४ मध्ये, इनपुट-आउटपुट मॉड्यूल भाग १८ मध्ये. होल्डर मात्र ईएन ११५५ मध्ये, क्लोजरच्या ईएन ११५४ च्या शेजारी. दोन्ही बाजू एकमेकींना कशा जोडायच्या यासाठी ब्रिटनमध्ये बीएस ७२७३-४ हे स्वतंत्र मानक आहे. आपल्याकडे डिटेक्शन आणि अलार्म आयएस २१८९ मध्ये, फायर डोअर आयएस ३६१४ मध्ये, आणि दोघांच्या वर राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा भाग ४.

अपवाद एकच लक्षात ठेवा. काही क्लोजर-होल्डरमध्ये स्मोक डिटेक्टर आतच बसवलेला असतो. पॅनल नसलेल्या छोट्या दवाखान्यात किंवा गोदामात असे वापरतात. तिथे ओळखणारा आणि सोडणारा एकाच डब्यात असल्यामुळे तो डबा डिटेक्टर समजूनच तपासायचा आणि साफ करायचा.

या विभागणीचा खर्चावर थेट परिणाम होतो. होल्डर वीज गेली की सुटतो, म्हणून एनएफपीए ७२ त्याला बॅटरी बॅकअप मागत नाही. त्याला अग्निरोधक केबलचीही गरज पडत नाही, कारण केबल जळून तुटली तरी दार मिटतंच. पण मॉड्यूलला, लूपला (पॅनलपासून डिटेक्टर आणि मॉड्यूल जोडणाऱ्या केबलला) आणि पॅनलमधल्या प्रोग्रॅमला या सवलती नाहीत. निगा तिथे लागते, आणि दुर्लक्षही तिथेच होतं.

काम वाटून द्या, लिहून द्या

बीओक्यूतली ती एक ओळ तोडून तीन करा. दारवाल्याकडे: होल्डर, पल्ल्यावरची आर्मेचर प्लेट (चुंबकाला चिकटणारी लोखंडी प्लेट), क्लोजर, दोन पल्ल्यांचं दार असेल तर कोऑर्डिनेटर (पल्ले योग्य क्रमाने मिटवणारा). इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडे: २४ व्होल्ट डीसी पुरवठा, त्याचा एमसीबी, होल्डरपर्यंतची केबल. अलार्मवाल्याकडे: रिले मॉड्यूल, लूपची जोडणी, कॉज-अँड-इफेक्ट तक्ता (कुठल्या अलार्मवर काय चालायचं याचा) आणि सगळं बसल्यावरची एकत्र चाचणी. शेवटची चाचणी अलार्मवाल्याकडे ठेवण्याचं कारण असं की डिटेक्टरमध्ये धूर सोडून दार मिटलं की नाही हे बघण्याची सोय फक्त त्याच्याकडे असते.

ॲक्सेस कंट्रोलचं इलेक्ट्रोमॅग्नेटिक लॉक आणि हा होल्डर या वेगळ्या वस्तू आहेत. लॉक दार बंद धरतं, शेकडो किलो ओढ सहन करतं. होल्डर उघडं धरतो आणि त्याची पकड साधारण माणसाने पल्ला ओढला तर सुटेल इतकीच असायला हवी. हाताने ओढून सुटत नसेल तर चुकीची वस्तू लागली आहे.

वीज कुठून घ्यायची

अलार्म पॅनलच्या बॅटरीवर होल्डर चालवू नका. हिशेब करून पाहा. होल्डरचा करंट नेमप्लेटवर असतो. ६५ मिलिअँपिअर धरला तर २४ होल्डर १.५६ अँपिअर खातात, आणि तेही सतत, चोवीस तास. २४ तासांच्या बॅकअपसाठी एकट्या होल्डरना ३७.४ अँपिअर-तास लागतील. पॅनलमध्ये ७, १२ किंवा १८ अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या असतात. मग लाईट गेली की होल्डर बॅटरी पिऊन टाकतात आणि खरी आग लागते तेव्हा हूटर वाजवायला काही उरत नाही.

काही पॅनलमध्ये ‘डोअर होल्डर’ म्हणून निवडता येणारं २४ व्होल्ट आउटपुट असतं. मेन गेल्यावर थोड्या वेळाने ते स्वतःच बंद होतं. होल्डर तीन-चारच असतील तर ते वापरा. जास्त असतील तर वेगळा २४ व्होल्ट डीसी पुरवठा घ्या, बॅटरीशिवाय. वरच्या २४ होल्डरसाठी २.५ अँपिअरचा पुरेल. तो यूपीएसवर टाकू नका. दिवे जाऊन जनरेटर लागेपर्यंत दारं मिटतील आणि नंतर कुणीतरी ती हाताने उघडेल, एवढीच गैरसोय. ती सोसण्यासारखी आहे.

केबलमधली घट मोजा. दीड चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम. पुरवठा ८० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १६० मीटर, म्हणजे १.९४ ओहम. सगळे २४ होल्डर टोकाला असल्याचं धरलं तर १.५६ अँपिअरवर ३ व्होल्ट पडतात आणि टोकाला २१ व्होल्ट उरतात. २४ व्होल्टच्या १० टक्के खाली, २१.६ पर्यंत, बहुतेक होल्डर नीट धरतात. त्याखाली वाऱ्याच्या झोताने पल्ला सुटतो. दार सुटणं तसं सुरक्षितच, पण ते रोज सुटायला लागलं की आठवड्याभरात तिथे लाकडी पाचर किंवा चक्क अग्निशामक सिलिंडर अडकवलेला दिसतो. अडीच चौरस मिमी तार, किलोमीटरला ७.४१ ओहम, घातली तर घट १.८५ व्होल्टवर येते. त्याहून बरं म्हणजे मजल्यागणिक वेगळं सर्किट. ते का, हे कॉन्टॅक्टच्या बाबतीत पुढे येईलच.

कॉन्टॅक्ट: खरा फायर अलार्मचा भाग

आधी मॉड्यूल बरोबर निवडा. हूटर चालवण्यासाठीचं कंट्रोल मॉड्यूल लाइनवर उलट ध्रुवतेने देखरेख करतं आणि टोकाला रेझिस्टर मागतं. ते होल्डरला लावायचं नाही. हवं ते कोरड्या कॉन्टॅक्टचं (स्वतः वीज न देणारं, फक्त स्विचसारखं) रिले मॉड्यूल, ज्यावर सी (सामाईक), एनओ (एरवी उघडा) आणि एनसी (एरवी बंद) अशी तीन टर्मिनल असतात. ते होल्डर-सर्किटच्या शक्य तितक्या जवळ बसवा. एनएफपीए ७२ इंटरफेस नियंत्रित वस्तूपासून ३ फुटांच्या आत मागतं.

बहुतेक ठिकाणी पुरवठ्याची पॉझिटिव्ह तार सी आणि एनसीमधून होल्डरला नेतात. अलार्म आला की रिले ओढला जातो, एनसी उघडतो, वीज तुटते, दार सुटतं. चाचणीत हे झकास चालतं. पण लूपची केबल तुटली, आयसोलेटरने (लूपचा बिघडलेला भाग तोडणाऱ्या स्विचने) तो तुकडा वेगळा काढला किंवा लूप कार्डच मेलं, तर मॉड्यूलला आज्ञा पोहोचत नाही. एनसी बंदच राहतो आणि दार उघडं. आग ज्या मजल्यावर आहे तिथलीच लूपची केबल आधी जळण्याची शक्यता असते, म्हणून ही कल्पनेतली भीती नव्हे.

मग उलटं करून सी-एनओ वापरावा आणि मॉड्यूल कायम ‘ऑन’ ठेवून अलार्मवर ‘ऑफ’ करावं, असं सुचतं. कल्पना बरोबर, पण एक अडचण राहते. लूपवरचा करंट वाचवण्यासाठी पुष्कळ मॉड्यूलमध्ये लॅचिंग रिले असतो. वीज गेली तरी तो शेवटच्या स्थितीतच अडकून बसतो. म्हणून मॉड्यूलच्या डेटाशीटमध्ये रिले लॅचिंग आहे का आणि लूपशी संपर्क तुटल्यावर आउटपुटचं काय होतं, हे दोन मुद्दे विकत घेण्याआधी वाचा. ‘संपर्क तुटल्यास ठरलेल्या स्थितीत जाणारं’ मॉड्यूल मिळतं. किंमत थोडी जास्त असते आणि ती द्यावी. बीएस ७२७३-४ च्या सर्वांत कडक वर्गात, म्हणजे कॅटेगरी ए मध्ये, अलार्मच नव्हे तर अशा बिघाडावरही दार सुटलं पाहिजे अशी अट आहे.

तसं मॉड्यूल मिळत नसेल तर पॅनलच्या कॉमन फॉल्ट रिलेचा कॉन्टॅक्ट होल्डर-सर्किटमध्ये मालिकेत घाला. हा रिले नेहमी ओढलेला असतो आणि कुठलाही फॉल्ट आला किंवा पॅनलच बंद पडलं तर सुटतो. तोटा असा की एखादा डिटेक्टर कुणी काढला किंवा अर्थ फॉल्ट आला तरी सगळ्या इमारतीची दारं धडाधड मिटतात. छोट्या लॉजमध्ये किंवा कार्यालयात हे चालेल, आणि फॉल्ट लवकर दुरुस्त होतात हा फायदाही आहे. मोठ्या रुग्णालयात चालणार नाही. स्ट्रेचर अडलं की कुणीतरी फॉल्ट रिलेचा कॉन्टॅक्ट जंपर मारून टाकेल. तिथे संपर्क तुटल्यास ठरलेल्या स्थितीत जाणारं मॉड्यूलच.

आता करंट. मॉड्यूलवर लिहिलेलं ‘२ अँपिअर ३० व्होल्ट डीसी’ हे साध्या रोधी भारासाठी असतं. होल्डर म्हणजे कॉइल. वीज तोडताना ती उलटा व्होल्टेजचा झटका देते, कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते, आणि काही महिन्यांनी कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात. चिकटलेला कॉन्टॅक्ट म्हणजे पॅनलवर ‘रिले चालला’ असं दिसतंय आणि दार उघडंच आहे. यावर उपाय काही रुपयांचा: प्रत्येक होल्डरच्या टर्मिनलवर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. होल्डरमध्ये डायोड आतच असेल तर वेगळा नको, पण मग ध्रुवता पाळा. आणि एका मॉड्यूलवर अर्ध्या अँपिअरच्या आसपासच भार ठेवा. ६५ मिलिअँपिअरचे सात-आठ होल्डर झाले की दुसरं मॉड्यूल. भार जास्तच असेल तर मध्ये पॉवर रिले घाला. त्याची कॉइल नेहमी चालू आणि होल्डर त्याच्या एनओवर, असंच. उलटं जोडलं तर पॉवर रिलेची कॉइल जळाली की दारं कायमची उघडी.

केबल वेगळी ओढा. हूटर किंवा ॲक्सेस कंट्रोलच्या २४ व्होल्टबरोबर एकाच मल्टीकोअरमधून होल्डरची तार नेली आणि आगीत आवरण वितळून दोन पॉझिटिव्ह एकमेकांना चिकटले, तर कॉन्टॅक्ट उघडूनही होल्डरला शेजारून वीज मिळत राहते. त्याच कारणासाठी होल्डरचं सर्किट रिंग करून दोन्ही टोकांनी पोसू नका.

पॅनलमधला प्रोग्रॅम

दार मिटल्याने कुणी अडकत नाही, ते हाताने उघडतं. म्हणून कुठलं दार कुठल्या डिटेक्टरवर सोडायचं यात फार काटकसर करू नका. लहान इमारतीत कोणत्याही अलार्मवर सगळी दारं, मोठ्या इमारतीत निदान आगीचा मजला आणि वरखालचे मजले.

हूटरला ‘आधी जाऊन खात्री करा’ म्हणून दोन-तीन मिनिटांचा विलंब दिलेला असतो. तो दारांना लागू करायचा नाही. अमेरिकेच्या इमारत संहितेत स्मोक डिटेक्टर चालल्यावर दार मिटायला सुरुवात होण्यास १० सेकंदांपेक्षा जास्त विलंब चालत नाही. तीच मर्यादा धरा. ‘सायलेन्स’ दाबल्यावर दाराचा रिले परत येऊ नये, फक्त ‘रिसेट’वर यावा. नाहीतर हूटर गप्प केल्यावर होल्डर पुन्हा चुंबक बनतो आणि दारातून जाणाऱ्याने पल्ला मागे ढकलला की तो तिथेच अडकून राहतो, धूर असताना.

सर्वांत घातक चूक देखभालीच्या दिवशी होते. डिटेक्टर साफ करताना दारं उगाच मिटू नयेत म्हणून पॅनलवर आउटपुट ‘डिसेबल’ करतात आणि परत ‘इनेबल’ करायचं राहतं. आउटपुट डिसेबल करायचंच असेल तर त्याच वेळी होल्डरच्या पुरवठ्याचा एमसीबी खाली करा. दारं मिटलेली दिसली की कुणीतरी विचारतंच, आणि विसरलेलं आठवतं.

सगळ्या भागात डिटेक्टर नसतील आणि दारापुरतेच बसवायचे असतील तर दाराच्या वरची भिंत मोजा. ती एकाच बाजूला ६१० मिमीपेक्षा जास्त उंच असेल तर डिटेक्टर त्या बाजूला, दोन्ही बाजूंना जास्त असेल तर दोन्हीकडे. धूर आधी छताखालचा तो खिसा भरतो आणि मगच दाराखालून पलीकडे जातो.

दारावर बसवताना

होल्डर शक्यतो पल्ल्याच्या वरच्या भागात, क्लोजरच्या पातळीजवळ घ्या. क्लोजर वर ओढतोय आणि होल्डर खाली धरतोय अशी स्थिती वर्षानुवर्षं राहिली तर पल्ला पिळवटतो आणि चौकटीत नीट बसत नाही. जमिनीवरचे होल्डर रुग्णालयात टाळा; पोछ्याचं पाणी आत जाऊन गंज धरतो. एएसी ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग टिकत नाही, त्या ब्लॉकसाठीचा अँकर घ्या. जिप्सम पार्टिशनमध्ये आधी मागे प्लेट हवी. फायर डोअरच्या पल्ल्याला भोकं पाडण्याआधी दाराच्या उत्पादकाने दिलेल्या सूचना पाहा. आरपार बोल्ट चालतील की स्क्रू, हे चाचणी झालेल्या दारावर अवलंबून असतं.

आर्मेचर प्लेट फिरकीवर थोडी हलली पाहिजे, म्हणजे ती चुंबकावर सपाट बसते. तिच्यावर रंग लागू देऊ नका. रंगारी पल्ल्याबरोबर प्लेटही रंगवून टाकतो. सुरुवातीला पकड ढिली पडते, आणि उन्हाळ्यात तोच ऑइल पेंट मऊ होऊन प्लेट चुंबकाला चिकटते. वीज तुटूनही दार सुटत नसेल तर रंग बघा. रंग नसेल तर चुंबकाच्या मधली छोटी स्प्रिंगची पिन आत रुतली आहे का ते बघा. लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर मात करून प्लेट ढकलणं हे तिचं काम.

होल्डर फक्त सोडतो, दार मिटवतो तो क्लोजर. ९० अंशांपासून दार मिटायला साधारण ५ ते ८ सेकंद ठेवा आणि शेवटच्या टप्प्याचा जोर इतका की लॅच लागल्याचा आवाज यावा. कोकण-मुंबईत पावसाळ्यात लाकडी पल्ले फुगतात. एप्रिलमध्ये लावलेली सेटिंग जुलैमध्ये पुरत नाही. दोन पल्ले असतील तर दोन्ही होल्डर एकाच क्षणी सुटतात, त्यामुळे कोऑर्डिनेटर नसेल तर चुकीचा पल्ला आधी पोहोचतो आणि दुसरा त्यावर आपटून उघडाच राहतो. एसीचे एएचयू (हवा फिरवणारी यंत्रं) अलार्मवर बंद होत नसतील तर त्यांच्या हवेच्या दाबानेही दार लॅचवर बसत नाही. तळमजल्यावर जिन्यातून बाहेर उघडणाऱ्या दाराला जिन्याच्या प्रेशरायझेशनचा (धूर येऊ नये म्हणून जिन्यात पंख्याने भरलेल्या हवेचा) दाब उघड्या दिशेने ढकलतो, म्हणून तिथला क्लोजर फॅन चालू असतानाच सेट करा.

तपासणी

होल्डरची वीज तोडणारं बटण दाबून दार सोडणं ही चाचणी फक्त दाराची झाली. होल्डरची, क्लोजरची, लॅचची. ती दर आठवड्याला वॉचमनही करू शकतो. अलार्मची चाचणी वेगळी आणि तिच्यात तीन गोष्टी येतात. एक, डिटेक्टरमध्ये टेस्ट स्मोक सोडा आणि संबंधित प्रत्येक दार लॅचपर्यंत मिटलं का ते दाराशी उभं राहून बघा. दोन, होल्डरच्या पुरवठ्याची मेन काढा. तीन, मॉड्यूलची लूप तार काढा आणि दाराचं काय होतं ते नोंदवा. ही तिसरी चाचणी सहसा कुणी करत नाही, आणि लॅचिंग रिले फक्त तिच्यातच सापडतो. दार सुटलेलं असताना होल्डरच्या टर्मिनलवर मीटर लावा. शून्य यायला हवं. दोन-चार व्होल्ट उरत असतील तर दुसरीकडून वीज येतेय.

एनएफपीए ७२ अलार्म देऊन अशी चाचणी वर्षातून एकदा मागतं. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार परवानाधारक एजन्सीचं फॉर्म बी प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं; तेव्हाच ही चाचणी उरकून घ्या. अहवालात ‘डोअर होल्डर, ठीक’ अशी एक ओळ स्वीकारू नका. प्रत्येक दाराला क्रमांक द्या आणि त्यासमोर पाच रकाने मागा: बटणावर सुटलं, धुरावर सुटलं, मेन गेल्यावर सुटलं, लूप तुटल्यावर सुटलं, लॅच लागलं. मॉड्यूलचा लूप पत्ता त्याच ओळीत लिहा, म्हणजे पुढच्या वेळी दुसरी एजन्सी आली तरी कुठल्या दाराचा कॉन्टॅक्ट कुठे आहे हे तिला छतावरचे टाइल काढून शोधावं लागणार नाही.